लेक सारखी उठते, म्हणजे दूध कमी पडतं असं नाही

प्रश्न: माझ्या मुलीला परवा पाच महिने पूर्ण झाले. जन्माचं वजन २.८ किलो, या महिन्यात अंगणवाडीत ६.२ किलो भरलं. फक्त अंगावरचं दूध पिते. दिवसाला सात-आठ लंगोट ओले होतात. पण दिवसा अर्ध्या-पाऊण तासात उठते आणि रात्री दर दीड-दोन तासांनी. पाजलं की झोपते, बाजूला काढलं की जागी. झोळीत झोपते, पण झोका थांबला की डोळे उघडते. शेजारच्या शेडमध्ये लूम (यंत्रमाग) आहेत, डोक्यावर पत्रा. सासूबाई घरी विड्या वळतात, नातीचं सगळं मायेनं करतात. पण त्यांचं म्हणणं, दूध पुरत नाही, गाईचं दूध पाणी घालून सुरू करू आणि रात्री जायफळ उगाळून चाटवू. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात युनिफॉर्मच्या कारखान्यात परत कामावर जायचंय. मी नसताना ती झोपणार कशी?
– एक आई, नीलमनगर, सोलापूर

उत्तर:

ताई, आधी दुधाचा विषय मिटवू, कारण बाकीचं सगळं त्यावर अडलंय. पाचव्या महिन्याच्या आसपास बाळाचं वजन जन्माच्या दुप्पट झालं की वाढ चांगली आहे असं धरतात. २.८ ची दुप्पट ५.६. तुमची लेक त्याच्याही पुढे आहे. चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले होणं ही दुसरी खूण, तीही जुळते. सासूबाईंना माता-बाल संरक्षण कार्डातली वजनाची रेघ दाखवा; ती वर चढत असेल तर दूध पुरतंय. या वयात बाळं जास्त वेळा उठतात त्याला दुसरं कारण आहे.

तीन-चार महिन्यांपर्यंत बाळ कुठेही, कसंही गाढ झोपतं. त्यानंतर झोपेची घडण बदलते. साधारण चाळीस ते पन्नास मिनिटांचा एक फेरा होतो आणि प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी झोप पातळ होते. आपणही रात्रीत असे अनेकदा जागे होतो, कूस बदलतो, पुन्हा झोपतो. सकाळी आठवतही नाही. बाळ त्या पातळ क्षणी चाचपून बघतं: झोप लागली तेव्हा जे होतं ते अजून आहे का? तोंडात आईचं दूध होतं, आता नाही. झोका हलत होता, आता थांबलाय. मग ते रडून तेच मागतं. तुमच्या पत्रातली अर्ध्या-पाऊण तासाची झोप आणि झोका थांबल्यावर उघडणारे डोळे, दोन्ही एकाच गोष्टीतून आलेत. दूध पाजत झोपवणं ही चूक नाही, जगभरच्या आया तसंच झोपवतात. तिला झोप लागण्याचा आणखी एक रस्ता दाखवायचा, एवढंच करायचंय. आणि सुरुवात रात्रीपासून करू नका, दिवसापासून करा.

दिवसाचं दूध बघा. पाच महिन्यांचं बाळ चौकस झालेलं असतं. भांडं वाजलं, कुणी आत आलं, तुमचा मोबाईल वाजला की चार घोट घेऊन मान वळवतं. दिवसा असं अर्धपोटी राहिलेलं बाळ रात्रीच्या शांततेत सगळी वसुली करतं. तुमच्याकडे नळाला पाणी येण्याच्या दिवशी पहाटेपासून मोटर, बादल्या, पिंपं यांची धावपळ असेल. त्या दिवसानंतरची रात्र जास्त वाईट जाते का, तेवढं बघून ठेवा. उपाय सोपा आहे. दिवसातली निदान चार पाजणी आतल्या अंधाऱ्या खोलीत, दार लोटून, मोबाईलशिवाय करा. एक बाजू तिला पूर्ण संपवू द्या. घोट गिळल्याचा आवाज कमी झाला की स्तन हाताने हलकेच दाबून धरा, दूध पुन्हा उतरतं आणि ती परत लुचायला लागते. मग ढेकर, मग दुसरी बाजू. झोपेतून उठल्या उठल्या एक पोटभर पाजणं ठेवा. तेव्हा ती टक्क जागी असते आणि मनापासून पिते. झोपण्याआधीचं पाजणं चालू ठेवलं तरी चालेल, पण पोट भरण्याचा सगळा भार त्याच्यावर राहणार नाही.

आता जागं राहण्याचा हिशेब. या वयाचं बाळ एका वेळी साधारण दीड ते सव्वादोन तास जागं राहू शकतं. सकाळचा पहिला टप्पा सगळ्यात छोटा, संध्याकाळचा सगळ्यात मोठा. घड्याळ जवळ असू द्या, पण बघायचं बाळाकडे. भुवयांवर लाली येते, नजर एका जागी खिळते, कान ओढते, खेळण्यावरून तोंड फिरवते. या खुणा दिसल्या की दहा मिनिटांत तिला अंधाऱ्या खोलीत न्या. जांभया आणि किरकिर या उशिराच्या खुणा, आणि रडायला लागली म्हणजे वेळ टळली. फार दमलेलं बाळ उलट झोपत नाही: शरीर जागं ठेवणारी रसायनं सोडतं, मग झोप लागायला वेळ जातो आणि लागली तरी लवकर मोडते. दिवसाला तीन किंवा चार झोपा, मिळून तीन-चार तास, आणि रात्र धरून चोवीस तासांत बारा ते सोळा तास, इतकी झोप या वयाला पुरते. त्यातली एखादी झोप अर्ध्या तासाचीच राहिली तरी काळजी नको. दिवसाच्या झोपा सहाव्या महिन्यानंतर आपोआप लांबायला लागतात.

ज्या झोपेवर मेहनत करायची ती सकाळची पहिली, मालिश-आंघोळीनंतरची. तेव्हा अंग सैल असतं आणि पत्राही अजून तापलेला नसतो. पाजताना तिच्या लुचण्याकडे लक्ष द्या. सुरुवातीला लांब, खोल ओढ आणि मधे गिळल्याचा आवाज. मग ओढ आखूड होत जाते, आणि शेवटी नुसती ओठांची फडफड राहते, गिळणं थांबलेलं असतं. त्या फडफडीला स्वच्छ करंगळी तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून हळूच आत सरकवा, हवा शिरून पकड सुटते. नुसतं ओढून काढू नका, तुमच्या बोंडीला चिरा पडतील. लगेच तिची हनुवटी एका बोटाने खालून हलकेच धरून तोंड मिटलेलं ठेवा, दहा-पंधरा सेकंद. ती शोधायला लागली, डोकं हलवायला लागली तर भांडू नका, परत तोंडात द्या. एक-दोन मिनिटांनी पुन्हा तेच. पहिल्या दिवशी चार-पाच वेळा करावं लागेल, सातव्या-आठव्या दिवशी दोनदा. कधीतरी ती तोंड मिटून, उसासा टाकून तशीच झोपेल. त्या वेळी तिला पेंगत असतानाच गादीवर ठेवा: आधी पाय, मग ढुंगण, मग पाठ, शेवटी डोकं. डोकं आधी टेकलं तर पडल्यासारखं वाटून दोन्ही हात झटकते आणि जागी होते. ठेवल्यावर हात काढू नका, छातीवर तळवा ठेवून सावकाश थोपटा.

आणि तिसाव्या मिनिटाला जवळ जाऊन बसा. चुळबुळ सुरू झाली की ती पूर्ण उठण्याआधीच तळवा छातीवर ठेवा. दोन-तीन मिनिटं थांबा, उचलू नका. बाळं झोपेतही कण्हतात, तोंड हलवतात, डोळे अर्धवट उघडतात. घाईने उचललं तर आपणच त्यांना उठवतो. ती खरंच रडली तर पाजा, त्यात काही बिघडत नाही.

झोळीचं. साडीची झोळी मधे खोलगट होते. मान पुढे झुकते, हनुवटी छातीला लागते आणि लहान बाळाची श्वासाची वाट अरुंद होते. लेक पाच महिन्यांची आहे, आता ती कुशीवर वळायला, हातांवर उठायला लागेल. तेव्हा झोळीतून पडण्याचा धोकाही वाढतो. म्हणून झोळी ही नजरेसमोरची, जागं माणूस शेजारी असतानाची गोष्ट. झोप लागली की तिला सपाट जागी हलवा, आणि रात्री झोळी नकोच. सवय मोडायची तर एकदम काढू नका. पहिले तीन दिवस ती पेंगली की झोका थांबवा आणि झोळीवरूनच थोपटा. पुढचे तीन दिवस झोके निम्मे करा. मग गादीवर. दुपट्यात घट्ट बांधून झोपवत असाल तर तेही आता बंद करा, बांधलेलं बाळ पालथं झालं तर स्वतःला सोडवू शकत नाही.

जागा कशी हवी? जमिनीवरची टणक गादी, तुमच्या गादीच्या शेजारी हाताच्या अंतरावर, पण वेगळी. नुकत्याच पिंजलेल्या कापसाची गादी मऊ असते. तळहाताने दाबून हात उचला, खळगा तसाच राहिला तर ती बाळासाठी नको. आपली सोलापुरी चादर अंथरायला उत्तम, घट्ट ताणून कडा गादीखाली दुमडा. पांघरायला मात्र नाही, ती जड आणि उबदार असते, तोंडावर आली तर बाळाला सारता येत नाही. राईची उशी, तक्के, मऊ खेळणी, आंघोळीनंतरचा टॉवेल, सगळं गादीवरून काढा. डोक्याचा आकार नीट यावा म्हणून उशी वापरत असाल तर जागेपणी तिला दिवसातून तीन-चारदा पालथं ठेवून खेळवा, तेच काम होतं. झोपवताना पाठीवरच ठेवा. टोपडं आणि गळ्यातला काळा दोरा काढा, नजरेसाठी बांधायचाच तर पायात बांधा. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल किंवा दारू घेत असेल तर बाळ त्या माणसाच्या शेजारी झोपवू नका.

पत्र्याच्या घरात मे महिना म्हणजे अर्धी झोप उकाड्यानेच जाते. दिवसभर चाळीसच्या वर तापलेला पत्रा रात्री दहापर्यंत धग सोडतो. पुस्तकी सल्ला सांगतो बाळाला सातला झोपवा. आपल्याकडे मेमध्ये तो आग्रह धरू नका. साडेसातला कोमट पाण्याने अंग पुसून किंवा आंघोळ घालून, साडेआठ-नऊला झोपवलं तर तेवढीच झोप पुढे सरकते. अंगात नुसतं मलमलचं झबलं किंवा तेही नाही, फक्त लंगोट. गरम होतंय का हे हात-पाय नाही, मानेच्या मागचा भाग चाचपून ठरवा. तिथे घाम असेल तर कपडे जास्त आहेत. रबरी कापड थेट अंगाखाली नको, वर जाड सुती दुहेरी घडी हवी, नाहीतर पाठीला घामोळं येतं आणि त्या खाजेने ती रात्रभर उठते. पावडर लावू नका, ती श्वासातून आत जाते. कूलर असेल तर झोत भिंतीवर, खिडकी उघडी, आणि टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासायची, डेंग्यूचे डास त्याच पाण्यात होतात. मच्छरदाणी लावा, कॉईल जाळू नका. आणि कितीही ऊन असलं तरी सहा महिने पूर्ण होईपर्यंत वरचं पाणी नाही. अंगावरच्या दुधात ८७ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. उन्हाळ्यात ते जास्त वेळा पाजा, आणि तुम्ही स्वतः पाणी वाढवा.

लूमचा एकसुरी आवाज बाळाला फारसा त्रास देत नाही, उलट लूम अचानक थांबल्यावर ती दचकून उठत असेल. आवाज फार मोठा असेल तर मात्र कानाला बरा नाही. शेडच्या भिंतीपासून सगळ्यात लांबची खोली तिच्या झोपेची करा आणि मधलं दार लावा. लूम बंद असताना पंखा चालू राहू द्या, एकदम शांतता होत नाही.

सासूबाईंच्या दोन उपायांबद्दल स्पष्ट बोलतो. गाईचं दूध पाणी घालून दिलं की त्यातलं पोषण पातळ होतं. लोह त्यात मुळातच कमी. आणि चार-पाच दिवस साठवलेलं पाणी, उन्हाळा आणि बाटलीचं बूच या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की जुलाब ठरलेले. शिवाय वरचं दूध घेतलं की ती तेवढं कमी लुचते आणि तुमचं दूध खरोखर कमी व्हायला लागतं. दुसरं, जायफळ. त्याने येते ती गुंगी, झोप नव्हे. सहाणेवर किती वेढे उगाळले यावर त्यातला गुंगी आणणारा अंश किती उतरला हे कुणालाच मोजता येत नाही, आणि पाच-सहा किलोच्या जिवाला जास्त झाला तर छाती धडधडते, बाळ निपचित पडतं. घुटीतलं वेखंड, मधाचं बोट, काहीच नको. मधाने एक वर्षाच्या आतल्या बाळाला बोटुलिझम नावाचा गंभीर विषार होऊ शकतो. शेगडीची धुरीही थांबवा, बंद खोलीत कोळशाचा धूर बाळाच्या श्वासाला आणि झोपेला दोन्हीला घातक. मात्र त्यांची मालिश, त्यांचं थोपटणं, अंगाई हे सगळं ठेवा, ते मोलाचं आहे. उष्टावणही झोपेच्या आशेने आधी उरकू नका. सहा महिने झाल्यावर वरणभात सुरू करा, पण त्याने रात्रीचं उठणं थांबेल अशी अपेक्षा नको.

तुमच्या खाण्यात शेंगाचटणी-भाकरी असेल तर खुशाल खा, त्याने बाळाची झोप जात नाही. चहा दोन-तीन कप, तोही संध्याकाळी पाचच्या आत. मशेरी लावत असाल तर मात्र सोडा: निकोटीन दुधात उतरतं आणि बाळाची झोप आखूड करतं.

रात्रीसाठी: बारीक पिवळा दिवा, बोलायचं नाही, डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत. शी केली असेल किंवा लंगोट चिंब असेल तरच बदला. मागच्या पाजण्याला दोन तास झाले नसतील तर आधी नवऱ्याने पाच मिनिटं थोपटून बघावं. नाहीच झोपली तर पाजा. दोन तासांपेक्षा जास्त झाले असतील तर सरळ पाजा, अंगावरचं दूध तेवढ्या वेळात पोटातून पुढे गेलेलं असतं. करंगळीची युक्ती रात्री तीनला करू नका, फक्त झोपण्याच्या वेळच्या पाजण्याला करा. दहा ते चौदा दिवसांत रात्रीचा पहिला टप्पा आधी लांबेल, तीन तास, मग चार. उरलेली रात्र हळूहळू येते. या वयात दोन-तीनदा रात्री पिणं हे भूक म्हणूनच धरा, ते बंद करायचं नसतं.

पुढच्यापैकी काही दिसलं तर झोपेचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरकडे किंवा सिव्हिलच्या बालरोग विभागात जा: ताप, दूध न ओढणं, दिवसाला सहापेक्षा कमी लघवी, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, झोपेत रोज घोरणं. शांत असताना श्वास मिनिटाला पन्नास किंवा जास्त मोजला, छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ उठवूनही उठत नसेल, तर १०८ ला फोन करा.

जूनचं आता सांगतो. बाळं वेगवेगळ्या माणसांकडे वेगवेगळ्या रीतीने झोपतात, आणि तुमचा वास जवळ नसला की दूध मागणंही कमी होतं. आजपासून दुपारची एक झोप सासूबाईंकडे द्या. तुम्ही पाजून, ढेकर काढून घराबाहेर जा, शेजारच्या खोलीत नको. तेच अंथरूण, तीच अंगाई, तसंच थोपटणं. पहिले तीन-चार दिवस रडेल, आजी कडेवर घेऊन झोपवतील, तेही चालेल. फक्त विड्यांचं सूप आणि तंबाखू तिच्या झोपायच्या खोलीत नको. तिला उचलण्याआधी त्यांनी कोपरापर्यंत साबणाने हात धुवावेत आणि काम करतानाचा पदर झाकेल असा वेगळा स्वच्छ पंचा अंगावर घ्यावा. बारीक तंबाखू कपड्यावर बसलेली असते आणि लेक आता सगळं तोंडात घालते.

दूध हाताने पिळून स्वच्छ स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात काढा. सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर जास्त निघतं. एका वेळी ६० ते १२० मिलि लागतं, म्हणून ९०-९० मिलिची वेगवेगळी भांडी भरा. चार-पाच तासांना दोन पुरतात, एक जास्तीचं ठेवा. फ्रीजमध्ये आतल्या बाजूला, दारात नको, चार दिवस टिकतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवूच नका, आणि लाईट बराच वेळ गेली असेल तर त्या दिवसाचं टाकून द्या. देताना भांडं कोमट पाण्यात ठेवून दुधाचा गारवा गेला की बास, उकळायचं नाही. बाटलीऐवजी बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने पाजा. दोन्ही उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून घ्या. ती पिऊन उरलेलं दोन तासांत संपलं नाही तर फेकून द्या. आठवडाभर आधीपासून रोज एकदा सासूबाईंच्या हातून हे करून बघा, म्हणजे पहिल्या दिवशी तुम्ही मशीनवर बसलेल्या असताना घरी कुणाचीच धांदल उडणार नाही.